थोडा निळा घाल

सोमवार, १६ जानेवारी १९६१. तिरुवल्लिकेणी, मद्रास

संक्रांत झाली, तिळगूळ संपला आणि आज एकदाची ही वही उघडली. लग्नाला सात महिने झाले. त्यातले दोन नवऱ्याबरोबर गेले आणि पाच सासऱ्यांबरोबर. हे नेयवेलीला कोळशाच्या खाणीवर नोकरीला असतात, महिन्यातून एकदा येतात. इथे घरात मी, मामंजी आणि मामंजींची बहीण कृष्णवेणी आत्याबाई. आम्ही तिघंही मराठीच बोलतो. पण त्यांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला येऊन राहिलेलं आणि माझं ताजं साताऱ्याचं. ते बोलायला लागले की कोणी बखर वाचतंय असं वाटतं, मधेच तमिळ फोडणी.

आज जेवताना मामंजी आपणहून म्हणाले, "कुमुद, उद्यांपासून तुज मी रंग शिकवितों." माझ्या हातातली वाटी पडायची राहिली. मामंजी, म्हणजे सेतुमाधवराव, माउंट रोडवरच्या हातमाग सोसायटीचे चित्रकार. साडीचा काठ-पदर ते कागदावर रंगवतात, तो नमुना विणकरांच्या गावी जातो आणि तिथला रंगारी त्याबरहुकूम सूत रंगवतो. कागदावर जो रंग तोच साडीला. सोसायटीत दुसऱ्या चित्रकाराची जागा निघाली आहे. परीक्षा २० मार्चला.

जागेचं कळलं तेव्हाच यांना पत्र टाकलं होतं, त्याचंही उत्तर आजच आलं. "लागलीस तर मी मद्रासच्या कचेरीत बदली मागतो. नाही लागलीस तर एप्रिलपासून इथे क्वार्टर मिळतंय, इकडे ये, आणि मग पुन्हा नोकरीचा विषय काढायचा नाही." सरळ हिशोब. मला ही नोकरी हवी आहे. साताऱ्याला कन्याशाळेत तीन वर्षं ड्रॉइंग शिकवलं, स्वतःची छत्री आणि स्वतःचं मत घेऊन हिंडले. ते मला परत हवंय. हे कोणाजवळ बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

मंगळवार, १७ जानेवारी

एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा मी पास झालेली बाई. आज पहिल्या तासाला कळलं की मला काही येत नाही.

आमच्या मास्तरांनी शिकवलं होतं, जलरंगात पांढरा वापरणं म्हणजे पाप. कागद हाच पांढरा. आधी फिकट, मग गडद. मामंजींचा रंगही पाण्याचाच, त्याला गुआश म्हणतात, पण त्याचा सगळा संसार उलटा. रंगात पांढरा कालवायचा. गडद आधी, उजेड वरून. रंग असा भरायचा की खालचा कागद कुठे डोकावता कामा नये. "कागद दिसला मणजे रंग उपाशी आहे," म्हणाले.

पहिल्यांदा मी पातळ केला, तर पट्टे उमटले. मग घट्ट केला, तर दुपारपर्यंत तडे गेले. "ताक नको, दही नको. साय होणें," म्हणाले. सायीइतका केला, छान बसला, म्हणून दुसरा हात दिला तर खालचा थर सुटून वर आला आणि चिखल झाला. वाळलेला रंग पाणी लागलं की पुन्हा जागा होतो म्हणे. एकदाच हात फिरवायचा आणि मागे वळून बघायचं नाही.

त्याहून कहर म्हणजे, फिकट रंग वाळला की गडद होतो आणि गडद वाळला की फिकट. म्हणजे ओला असताना जे दिसतं त्यावर भरवसा ठेवायचा नाही. मग ठेवायचा कशावर?

शुक्रवार, २० जानेवारी

सामानाचा दिवस. मामंजींबरोबर चायना बझारला गेले. विलायती ट्यूब हल्ली मिळतच नाहीत, म्हणून मामंजी रंग घरीच करतात. रंगाची भुकटी, बाभळीचा डिंक, खडूची पूड, मधाचा एक थेंब. डिंक कमी पडला तर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर चकाकतो आणि फुटतो. मध घातला की रंग लवचीक राहतो. पांढरे दोन. जस्ताचा पांढरा मऊ आणि थंड, टायटॅनियमचा दांडगा, काहीही झाकतो. मामंजी भुकटी चिमटीत धरून चोळतात, वास घेतात आणि सांगतात कुठली आहे ती. दुकानदार कौतुकाने बघत राहिला. मीही.

घरी बाटल्या लावायचं काम माझ्याकडे. प्रत्येक बाटलीवरची चिठ्ठी त्यांनी माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली, "तुझें इंग्रजी सुधारेल" म्हणून. जुन्या बाटल्यांवरच्यासुद्धा. एकीवर 'ऑक्स गॉल' होतं. मी शब्दकोश काढला. बैलाचं पित्त! तेलकट कागदावर रंग पसरावा म्हणून दोन थेंब घालतात. आम्ही दोघांनी एकदमच स्वयंपाकघराकडे बघितलं. मामंजी हळूच म्हणाले, "तें नमुन्यास लागतें, नैवेद्यास नाही. आत्यास सांगूं नको."

आत्याबाईंना वेगळंच काहीतरी सापडलं. रंग कालवायला मामंजी इडलीपात्रातलं जुनं ताट वापरतात, त्याचे खळगे रंगाला अगदी बेताचे. मी नेमकं चालू वापरातलं ताट उचललं होतं. "अय्यो, हें काय गे! इडलीच्या ताटांत विष कालवतेस?" संध्याकाळी ताट चिंचेने घासून, तीनदा विसळून परत केलं. तरी रविवारी इडली झालीच नाही तर नवल नको.

सोमवार, ३० जानेवारी

आज पहिल्यांदा रंग जुळवायचा धडा. हळदीचा पिवळा, लग्नाच्या साडीचा.

मामंजींची रीत अशी की सुताची लडी एकदा बघायची आणि पेटीत टाकायची. पुन्हा बघायची नाही. "सुताशेजारीं ठेवून कोणीही करील. रंग मनांत धरावा." तीस वर्षं त्यांनी तसंच केलं आणि सोसायटीत त्यांचा शब्द शेवटचा, असं आत्याबाई अभिमानाने सांगतात. मी पिवळ्यात पांढरा घातला, थेंबभर नारिंगी, वाळवून दाखवला. मला तरी बरा वाटला. मामंजींनी कागद नाकाजवळ नेला, तिरका केला, बोट फिरवलं. "मळकट आहे. थोडा निळा घाल."

पिवळ्यात निळा? कुठल्याही शाळकरी पोरीला माहीत आहे काय होतं ते. पण गुरू ते, मी कोण? घातला. हिरवट झाला. "हां, आतां जीव आला," म्हणाले.

मला अजून हिरवटच दिसतोय. वाळल्यावर बदलेल म्हणून दोन तास पंख्याखाली बसले. काही बदललं नाही. गुआशचं मला काहीच कळत नाही.

शनिवार, ४ फेब्रुवारी

तीन बाटल्या पुसून उंचीप्रमाणे लावल्या. चांगलं काम केलं अशी माझी समजूत. मामंजी इतके संतापले की मी घाबरले. "माझी बाटली कोणी हलवावयाची नाही! नाही मणजे नाही!" नंतर स्वतःच खजील झाले, माझ्यासाठी डिकाशन घालून कॉफी केली आणि निम्मी बशीबाहेर ओतली. मी रडले, पण गच्चीवर जाऊन. या गच्चीला इथे मोट्टमाडी म्हणतात. मोकळी, तापलेली, कपडे वाळत घातलेली. रडायला जागा चांगली.

सोमवार, ६ फेब्रुवारी

हळदी साडीसाठी राघूंचा काठ. बोटभर उंचीचे चौतीस राघू, सगळे एकाच रंगाचे, एकाच ठेवणीचे. पंचविसाव्या राघूपर्यंत मला इतका कंटाळा आला की पुढच्या नऊ राघूंच्या चोचीत मी हरभऱ्याचा घाटा दिला. आमच्याकडे शेतात राघू तेच तर पळवतात. आत्याबाई म्हणाल्या, "हें काय फळ गे?" त्यांनी हरभऱ्याचं झाड जन्मात पाहिलेलं नाही. मामंजी रागावणार म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी काठावरून हात फिरवला, म्हणाले, "हात बसला. रेघ साफ आहे." घाट्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणजे आवडला की काय?

नंतर मीच कागद शोधला, तर नाही. विचारलं तर म्हणाले, "अभ्यासाचे कागद राखून काय करावयाचें? गेले." गेल्या आठवड्यातलेही गेले. माझे सगळेच कागद जातात. इतकी का मी टाकाऊ?

शुक्रवार, १० फेब्रुवारी

रंग हिरवट का होतो, यावर आज डोकं खाजवलं.

पाणी असेल. इथल्या विहिरीचं पाणी खारट. मी नळाचं पाणी गाळून घेतलं. फरक नाही. मग वाटलं पांढरा असेल. जस्ताचा थंड असतो, त्यानेच निळसर मारत असेल. टायटॅनियमचा घेतला. मामंजी म्हणाले, "अजून मळकट. निळा घाल." मग वाटलं उजेड असेल. खोलीत नवी ट्यूबलाइट लावली आहे, तिच्या उजेडात माणूस आठ दिवस आजारी दिसतो. गच्चीवर नेऊन पाहिलं. मामंजी उन्हात येतच नाहीत, म्हणतात डोळ्यांपुढे सगळं पांढरंफेक होतं. शेवटी मी ठरवलं की दोष माझ्या नजरेचा. नाचता येईना अंगण वाकडं, असं किती दिवस म्हणायचं?

पण मग साताऱ्याला मी तीन वर्षं पोरींना काय शिकवलं?

मंगळवार, १४ फेब्रुवारी

मध जास्त पडला. रात्रीत मुंग्यांनी अर्धा पदर खाल्ला. मोराला डोकं उरलेलं नाही. आत्याबाई म्हणतात मुंग्या लक्ष्मी आणतात. येऊ दे.

रविवार, १९ फेब्रुवारी

हे आले होते. माझे कागद बघायला मागितले, दाखवायला एकही नव्हता. म्हणाले, "अप्पा तुज शिकवतात हेंच मज खरें वाटत नाही. लहानपणीं मी ब्रशला हात लावला मणून दोन दिवस बोलले नव्हते." मला अभिमान वाटला आणि कोड्यातही पडले. आठ महिन्यांच्या सुनेत त्यांनी काय पाहिलं?

दुपारी मामंजींनी नेहमीप्रमाणे माझ्याकडून 'हिंदू' वाचून घेतला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. हे हसले, म्हणाले, "अप्पा, सुनेला इंग्रजीची परीक्षा आहे की चित्रांची?" मामंजी हसले नाहीत. संध्याकाळी अंगणात बसलो होतो, मामंजी वर बघून म्हणाले, "आज चंद्राच्या दोन कोरी दिसतात." आम्ही दोघंही हसलो. एरवी इतके गंभीर, पण थट्टा करायला लागले की चेहऱ्यावर रेघ हलत नाही.

जाताना यांनी पुन्हा आठवण केली, वीस मार्च. जशी काही मी विसरणार.

बुधवार, १ मार्च

उकाडा सुरू. रंग ताटातच वाळतो. ओलं फडकं झाकून ठेवायला शिकले. आता माझा हात सपाट बसतो, पट्टा उमटत नाही, कड सुरीने कापल्यासारखी येते. एवढं आपलंच आपण म्हणायला हरकत नाही. रंग मात्र मामंजी सांगतील तो. मी विचार करणं सोडलं आहे. पिवळा झाला की आपोआप हात निळ्याकडे जातो.

शनिवार, ११ मार्च

आजचं नीट लिहायला हवं, कारण मला काही कळेनासं झालं आहे.

आत्याबाईंना जपाची शाल हवी होती म्हणून सोसायटीच्या दुकानात गेलो. समोरच एक नऊवारी टांगलेली. काठावर राघू. काही राघूंच्या चोचीत हरभऱ्याचा घाटा.

मी जागच्या जागी उभी राहिले. मद्रासेत हरभऱ्याचा घाटा काढणारी दुसरी कोण असणार? माझा टाकाऊ कागद, अभ्यासाचा, 'गेलेला', तो विणून इथे टांगलेला! आणि रंग? चिठ्ठीवर लिहिलं होतं हळदी पिवळा. साडी होती कच्च्या लिंबासारखी, हिरवट. दुकानातला माणूस म्हणाला की या रंगाच्या बारा आल्या आहेत, लग्नघरची माणसं हात लावतात आणि 'वेंडाम', म्हणजे नको, म्हणून पुढे जातात. तीन गावांहून माल असाच आलाय.

आत्याबाईंनी माझा चेहरा पाहिला आणि विचारलं, "काय जाहलें गे?" मी म्हटलं, ऊन लागलं.

म्हणजे मामंजी माझे कागद सोसायटीत देतात. स्वतःचे म्हणून. दोन महिने मला 'गेले, गेले' सांगतात आणि तिकडे पगार घेतात. मला वाटत होतं मी शिकतेय. मी राबतेय!

सोमवार, १३ मार्च

विचारलं. सरळच विचारलं, "मामंजी, माझा राघू दुकानात कसा गेला?"

ते बाटली खाली ठेवून वळले. मग म्हणाले, "कसला राघू?"

"घाटा धरलेला."

"घाटा?" त्यांचा चेहरा खरोखरच भांबावलेला होता. सोंग असेल तर नाटक कंपनीत जायला हवं होतं. "राघूच्या चोचींत काय आहे मणतेस?" मी सांगितलं. ते उठले, भिंतीला हात लावत आत गेले आणि जेवायला आले नाहीत.

चोराच्या उलट्या बोंबा असत्या तर मी भांडले असते. हे उलटं बोंबलतही नाहीत. आणि वाईट मलाच वाटतंय. शनिवारपासून मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. पण परीक्षेला आठवडा उरलाय आणि शिकवणारं दुसरं कोणी नाही. उद्या पुन्हा ताट मांडायचं.

सोमवार, २० मार्च

सकाळी दहाला सोसायटी. आम्ही तीन उमेदवार, दोघं तरुण आणि मी. समोर सोसायटीचे अधिकारी नारायणस्वामी, त्यांचे दोन कारकून आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून मामंजी. घरचा माणूस म्हणून त्यांनी मत द्यायचं नाही, असं ठरलं होतं.

मी नेलेले सहा नमुने नारायणस्वामींनी उलटून पाहिले. मग कपाटातून एक फाईल काढली आणि शेजारी ठेवली. तोच हात, तीच कड, तोच पिवळा. ते इंग्रजीत म्हणाले, अगदी सभ्यपणे, "बाई, हे तर तुमच्या सासऱ्यांचं काम आहे. दोन महिने हेच येतंय. त्यांनी काढायचं आणि तुम्ही खाली नाव घालायचं, हे बरं नव्हे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उलटंच आहे, ते सगळे माझे आहेत, असं ओठांवर आलं. मामंजींकडे पाहिलं. ते मांडीवर हात ठेवून खाली बघत होते. एका वाक्यात माझी नोकरी होती आणि त्याच वाक्यात त्यांची नोकरी जात होती.  मी एवढंच म्हटलं, "इथे करून दाखवते."

सुताची लडी दिली. हळदीचा पिवळाच. ताट, पाणी, ब्रश. मी लडी पेटीत टाकली नाही, समोर खिडकीच्या उजेडात धरून ठेवली. मास्तरांची शपथ, आज मी माझ्या डोळ्यांनी रंग करणार होते. पिवळा, टायटॅनियमचा पांढरा, नारिंगीचं बोट. पट्टी रंगवली, वाळू दिली, तिच्यावर सूत ठेवलं. सूत कुठे संपतं आणि रंग कुठे सुरू होतो ते दिसेना. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

तेवढ्यात नारायणस्वामी म्हणाले, "राव, मत नको, पण नजर तुमचीच. बघा बरं." सूत माझ्या हातातच राहिलं. मामंजींनी पट्टी घेतली, नाकाजवळ नेली, तिरकी केली.

"मळकट आहे अम्मा. थोडा निळा घाल."

काय करावं? चार पुरुषांसमोर सासऱ्यांना नाही म्हणायची माझी छाती नाही. आणि निळा घालण्यापेक्षा माझा हात कापला तरी चालेल. मी "बरं मामंजी" म्हटलं, ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवला, निळ्याच्या खळग्यावरून नुसता फिरवला आणि पिवळ्यात ढवळला. तोच रंग. दुसरी पट्टी रंगवली, वाळवली, दिली.

मामंजींनी बोट फिरवलं. चेहरा खुलला. "हां! आतां बरोबर. आतां जीव आला."

मला हसू फुटणार होतं. साप मरावा आणि काठीही तुटू नये, तसं झालं होतं. मान वर केली तर कोणीच हसत नव्हतं. नारायणस्वामी इडलीपात्रासारख्या त्या ताटाकडे बघत होते. निळ्याच्या खळग्यात रंगावर पापुद्रा धरला होता, जसाच्या तसा, ब्रश न लागलेला. त्यांनी दोन्ही पट्ट्या उचलल्या, शेजारी शेजारी धरल्या, मग मामंजींकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग हलक्या आवाजात कारकुनांना म्हणाले, कॉफी घेऊन या, सगळ्यांना. माझं सोंग पकडलं तर मला बोलायचं, मामंजींचा खांदा का थोपटत होते?

परत येताना थांब्यावर उभे होतो. बस समोर येऊन थांबली. कपाळावर हाताएवढा आकडा. मामंजींनी विचारलं, "कुठली आहे गे?"

मी आकडा सांगितला, त्यांचा हात धरून पायरी चढवली, शेजारी बसले, आणि तेव्हा एकामागून एक सगळं माझ्या डोक्यात पडलं. चिठ्ठ्या. 'हिंदू'. दोन कोरी. सांडलेली कॉफी. न दिसलेला घाटा. मी एक नंबरची मूर्ख बाई आहे. दोन महिने शेजारी बसून ज्याला दिसत नाही त्याच्याकडून रंग शिकले, आणि वर त्याला चोर म्हटलं. आज तर चार माणसांत, हुशारी करायला जाऊन, त्यांना उघडं पाडलं. त्यांची लाज राखायला गेले होते मी!

 माझा हात त्यांनी घरापर्यंत सोडला नाही.

बुधवार, २२ मार्च

काल सोसायटीचा माणूस पत्र घेऊन आला. मला घेतलं. एक तारखेपासून. मामंजींना पगारी रजा आणि एग्मोरच्या डोळ्यांच्या दवाखान्यासाठी नारायणस्वामींची चिठ्ठी. मोतीबिंदू असेल, काढता येतो, पुन्हा दिसतं, असं खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे. आत्याबाईंनी देवापुढे साखर ठेवली, मग पदराने डोळे पुसले आणि माझ्यावरच ओरडल्या, "एवढे दिवस तुज कळलें नाही?" त्यांना तरी कुठे कळलं होतं? यांना तार केली. बदलीचा अर्ज करा, म्हणून.

नोकरीतलं पहिलं काम घरूनच करायचं आहे. जे नमुने चुकीच्या रंगाचे गेले ते विणकरांकडून परत मागवायचे, म्हणजे पुढचं सूत वाया जाणार नाही. आज सकाळी पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन मामंजींसमोर बसले. गावांची नावं त्यांना तोंडपाठ. ते सांगत होते, मी लिहीत होते. त्यांचा आवाज रोजचाच होता, कामातला.

"अमुक तारखेनंतरचा नमुना वापरूं नये," ते म्हणाले. "तारीख घाल."

मी ही वही आणली. म्हटलं, "माझ्याकडे लिहिलेलं आहे मामंजी. तीस जानेवारी. त्या दिवशी पहिल्यांदा निळा घातला."

ते म्हणाले, "नाही. दिवाळीपासून लिही."

"दिवाळीत तर मी रंगाला हातही लावला नव्हता."

"मी लावला होता. दिवाळींत दिव्यांभोंवती चक्रें दिसूं लागलीं. मागाहून रंगाऱ्याचें पत्र आलें, राव, पिवळा असा कसा? मी तें फाडलें."

मी लेखणी खाली ठेवली. विचारू नये ते विचारलं, "मग मला शिकवायला लागलात ते?"

"मणूनच, अम्मा."

 मला राग यायला हवा होता. दोन महिने मला वाटत होतं की या घरात कोणीतरी माझ्यातलं काहीतरी ओळखलं. आणि त्यांना माझ्यातलं काही नकोच होतं, फक्त दोन डोळे हवे होते, कुणाचेही चालले असते. मला दुखलं. ते इतकं खरं बोलले म्हणून जास्त दुखलं, आणि त्यांची माया आली तीही त्याचसाठी.

मग ते म्हणाले, "डोळे घ्यावयाचे मणून बसविली तुज. पण तूं निळा घालावयास नको होता गे. पहिल्याच दिवशीं, नाही मणावयाचें होतें. मी त्याचीच वाट पाहत होतों."

मी पोस्टकार्ड ओढलं आणि दिवाळीची तारीख लिहिली. शाईचा डाग पडला. ते कार्ड फाडून दुसरं लिहायला घेतलं. मामंजींनी विचारलं, बरोबर आलं का? मी म्हटलं, नाही मामंजी, पुन्हा लिहिते.